सोडलेली खुर्ची

सकाळी उठल्याउठल्या पाळकांनी बायकोला एक थाप मारली आणि मग पेलाभर पाणी मागितलं. थाप खपून गेली असती. घात केला तो पाण्याने.

थाप अशी, की आजची डायलिसिसची पाळी उद्यावर गेली आहे, हॉस्पिटलातून काल तसा निरोप आला होता. दिवसच असे होते की कुठलाही निरोप खरा वाटावा. नदीपलीकडे लढाई चालू होती. पूल बंद होता. वीज पाहुण्यासारखी यायची, नळ नुसतेच सुस्कारे टाकायचे, आणि रस्त्यावर फिरायला सकाळी जी काय थोडी मोकळीक मिळायची तेवढीच; दुपारचा भोंगा वाजला की सगळे पुन्हा आपापल्या घरात. अशात पाळी मागेपुढे झाली तर कोण शंका घेणार? रोजच्याप्रमाणे पाळकीणबाईंनी नवऱ्याचा डावा हात मांडीवर घेतला, कोपराजवळच्या फुगीर शिरेवर दोन बोटं टेकवली आणि डोळे मिटले. त्या शिरेत सतत एक घरघर चालू असते. ती चालू आहे तोवर सुया टोचता येतात, रक्त मशीनमध्ये जाऊन धुऊन परत येतं आणि माणूस पुढच्या पाळीपर्यंत जगतो. घरघर चालू होती. बाईंनी हात खाली ठेवला.

"पेलाभर पाणी दे," पाळक म्हणाले.

ज्याची मूत्रपिंडं संपावर गेली आहेत त्याच्या पोटात गेलेलं पाणी बाहेर पडत नाही. ते आधी पायात साचतं, मग छातीत चढतं. म्हणून या घरात पाण्यासाठी एक निळी वाटी होती, लहान मुलाला औषध पाजायची असते तेवढीशी. दिवसाच्या वाट्या ठरलेल्या. पाळक त्यातला एकेक घोट जिभेवर असा फिरवत, की पाहणाऱ्याला वाटावं, म्हातारा काहीतरी गोड चघळतोय. असा माणूस पेला मागतो, आणि तोही पाळी नसलेल्या दिवशी?

"पेला?" बाईंनी विचारलं.

"पेला."

त्यांनी दिला. पाळकांनी तो घटाघटा संपवला, मिशा पुसल्या आणि दुसरा मागितला. बाई हलल्या नाहीत, तेव्हा स्वतः उठून माठातून घेतला आणि उभ्याउभ्याच प्यायले.

"काय शिजतंय?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. तहान लागली."

"तुमची प्रवचनं आयुष्यभर मी आधी ऐकली आणि चर्चमधल्या मंडळीने नंतर. काही लपवायचं असलं की तुमचा आवाज उपासनेतल्यासारखा होतो. आत्ता झालाय तसा."

पाळक खिडकीकडे तोंड करून बसले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. पण एक गोष्ट सांगायला हवी: त्या क्षणी त्यांना मनापासून हलकं वाटत होतं. निर्णय झालेला होता. आता फक्त सकाळ टळायची वाट पाहायची.

निर्णयाचं मूळ होतं वॉर्डाबाहेरच्या बोळात. पलीकडून पळून आलेला एक तरुण शाळामास्तर तिथे स्ट्रेचरवर पडला होता. त्याचीही मूत्रपिंडं गेलेली. शेजारी बायको, तिच्या खांद्यावर तान्हं मूल. वॉर्डातल्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या, आणि मशीनला लागतं ते पाणी आता टँकरने येणार, आलं तर. मागच्या पाळीला घरी परतताना पाळकांनी त्या मास्तराचे सुजलेले पाय पाहिले आणि ते त्यांच्या डोळ्यांसमोरून जाईनात. मग आला रविवार. चर्चमध्ये सैन्याने धान्याची पोती रचलेली, त्यामुळे उपासना मंडळीतल्या एका विश्वासणाऱ्याच्या बैठकीच्या खोलीत भरायची. पाळक निवृत्त झालेले, पण तरुण पाळक पलीकडे अडकले होते, म्हणून पुन्हा याच म्हाताऱ्यावर भार. ते मातीत पडणाऱ्या दाण्यावर बोलले. दाणा मेला तरच पीक येतं, एवढंच मूळ वचन, पण त्या दिवशी ते असं काही रंगले की बायकांनी डोळ्यांना पदर लावले. स्वतःचं बोलणं स्वतःलाच इतकं आवडलं, तिथेच त्यांनी कानाला खडा लावायला हवा होता. पण नाही. त्यांनी ठरवलं, आपण मंगळवारी जायचंच नाही. रिकाम्या खुर्चीला वारस मिळतोच, मास्तर बसेल. बायकोला सांगायचं नाही, कारण ती नाही म्हणेल. वॉर्डातल्या टेक्निशियनबाईला तर मुळीच सांगायचं नाही. तिला पेशंट पाठीमागे हवालदारबाई म्हणत, आणि नाव चुकलेलं नव्हतं.

सांगितलं फक्त एकीला. उपासना संपल्यावर बटणमावशीने सहज विचारलं, "मंगळवारी येताय ना?" मावशीची खुर्ची पाळकांच्या शेजारची. तिचं सगळं आयुष्य कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावण्यात गेलं होतं. एकटी राहायची, मुलगा पलीकडे. पाळकांनी मंद हसून सांगितलं, की माझी जागा मी मास्तरांना देतोय, कुणाला बोलू नका. चांगलं काम गुपचूप करावं हे खरं, पण ते गुपचूप केलंय हे निदान एका माणसाला कळावं, इतपत माणूस कच्चा असतोच. मावशी त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "नाही बोलणार."

तिने शब्द पाळला.

खाली गाडीचा हॉर्न वाजला, आणि लगेच जिन्यात जड पावलं. हॉस्पिटलच्या अँब्युलन्सचा ड्रायव्हर दारात उभा राहिला. घाईने आलेला, कपाळावर घाम.

"पाळकसाहेब, चला. बाईंनी पाठवलंय. तुमचं मशीन कधीचं भरून ठेवलंय."

"पाळी उद्या आहे ना?" पाळकीणबाईंनी विचारलं. विचारलं ड्रायव्हरला, पण बघत होत्या नवऱ्याकडे.

"उद्या? उद्या टँकर येतोय की नाही तेच माहीत नाही. आजच आहे."

मग पाळक म्हणाले, आणि आवाज पुन्हा उपासनेतलाच, "माझी जागा मी मास्तरांना दिली आहे. त्यांना बसवा."

ड्रायव्हरला आधी काही कळेचना. "मास्तर सकाळीच लागले की मशीनवर. बाईंनी सगळ्यांचा थोडा थोडा वेळ कापला आणि त्यांना बसवलं. तुमच्या खुर्चीचा काय संबंध?" मग त्याच्या डोक्यात काहीतरी पेटलं. "म्हणजे ते खरं आहे होय? मी आत्ता बटणमावशीकडून येतोय. त्या दार उघडत नाहीत. आतूनच म्हणाल्या, पाळकसाहेबांनी सोडली, मीही सोडली, माझी जागा कुणा लेकरंबाळंवालीला द्या."

पाळकांच्या तोंडचं पाणी पळालं. एवढे दोन पेले पिऊनसुद्धा.

पाळकीणबाई उठल्या. त्यांनी नवऱ्याचा कोट खुंटीवरून काढला, बाहीत त्यांचा हात लहान मुलाचा घालावा तसा घातला, निळी वाटी पिशवीत टाकली आणि चपला पायात सरकवल्या.

"तू कशाला?" पाळक म्हणाले.

"तुमच्यावर सोडून पाहिलं ना आज. चला, आधी मावशीकडे."

रस्ते मोकळे होते, आणि ते मोकळेपणच भयंकर होतं. पावाच्या दुकानासमोर तेवढी रांग, तीही भिंतीला चिकटून. मध्येच नदीच्या बाजूने धप् असा आवाज यायचा आणि रांग एकदम खाली वाकायची, मग पुन्हा सरळ व्हायची. ड्रायव्हर एका हाताने गाडी हाकत होता, दुसऱ्या हाताने घड्याळाची काच पुसत होता. भोंग्याआधी हॉस्पिटलात शिरलं नाही तर नाक्यावर अडकवतील, मग गाडीत पेशंट असो नाहीतर प्रेत.

नाक्यावरच्या शिपायाने आत डोकावून विचारलं, "पेशंट कोण?"

"हे," पाळकीणबाई म्हणाल्या. "आणि हे पळून जाऊ नयेत म्हणून मी."

शिपायाला हसू आलं असावं, पण त्याने ते दाबलं. "पुढची गल्ली बंद आहे. वळसा घ्या," एवढंच म्हणाला आणि रस्त्यावरचा आडवा दांडा वर केला.

वळशात वेळ गेला. मावशीची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर, आणि वीज नसल्याने लिफ्ट दोन मजल्यांच्या मधेच लटकलेली. ड्रायव्हरला गाडी सोडता येईना. असल्या दिवसांत उभी गाडी कुणाचीही. "दार उघडलं की हाक मारा, मी उचलून आणतो," तो म्हणाला. पाळक कठडा धरून चढू लागले. पहिल्या मजल्यापर्यंत ते पाळक होते. त्यानंतर नुसतीच छाती उरली, आणि त्या छातीत सकाळचे ते दोन पेले खळखळतायत असं त्यांना वाटू लागलं. प्रत्येक वळणावर ते पायरीवर बसत. बाई मागून येत, थांबत. एकदा फक्त म्हणाल्या, "रविवारी किती सोपं होतं, नाही? उंटावरून शेळ्या हाकायला काय लागतं." पाळकांनी कठडा धरला आणि पुढची पायरी चढले.

मावशीच्या दारावर थाप मारून ते चौकटीला टेकून उभे राहिले.

"मावशी, दार उघडा."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "पाळकसाहेब? तुम्ही कसे इथे? तुम्ही सोडलीत ना?"

"उघडा आधी."

"नको. मी मजेत आहे. शेजारीण घर सोडून जाताना केळी देऊन गेली. दोन खाल्ली बघा. तिसरं खाववत नाही. किती वर्षांनी खाल्लं, विसरलेच होते कसं लागतं ते."

डायलिसिसच्या पेशंटला केळं काय करतं ते वॉर्डातली खुर्ची न् खुर्ची जाणते. फळातला क्षार रक्तात चढत जातो, हातपाय जड पडतात आणि हृदय चालताचालता थबकतं. काही दुखत नाही, काही खुपत नाही. भिंतीवर केळ्याचं चित्र लावून त्यावर लाल फुली मारलेली आहे.

"पाय कसे आहेत?" पाळकांनी विचारलं.

"जड झालेत जरा. उचलत नाहीत पटकन."

पाळकीणबाईंनी तोंडावर हात ठेवला. पाळकांनी दारावर आणखी एक थाप मारली, पण ती अगदीच दुबळी पडली. ते दार तोडण्याजोगे राहिलेले नव्हते. बोलणं एवढंच हातात होतं, आणि आज पहिल्यांदाच त्यांना बोलण्याची भीती वाटत होती.

"मावशी, मी तुमच्याशी खोटं बोललो. मी जागा मास्तरांसाठी सोडली नव्हती."

"मग?"

त्यांनी मागे पाहिलं. बायको दोन पायऱ्या खाली उभी होती, कठड्यावर हात ठेवून. हे तिच्यासमोर बोलावं लागू नये असं त्यांना फार वाटलं. पण ती तिथे होती आणि दार बंद होतं.

"मला कंटाळा आला होता. सुयांचा, त्या वाटीचा, भोंग्याचा. हे कधी संपणारच नाही असं वाटायचं. मला सुटायचं होतं. आणि सुटताना लोकांनी चांगलंही म्हणायला हवं होतं. मास्तर बिचारा आयताच सापडला."

पाळकीणबाई कठड्यावरच्या आपल्या हाताकडे पाहत होत्या.

"आणि रविवारचं? दाण्याचं ते?" मावशीचा आवाज आता दाराच्या जवळून आला, पण बारीक झालेला. "तेही खोटं?"

"ते खरं आहे. पण दाण्याला पेरणारा दुसरा कुणीतरी असतो, मावशी. दाणा स्वतःच उडी मारून खड्ड्यात जात नाही. मी ते सांगायचं विसरलो. कारण मला उडीच मारायची होती."

"तुमचं ठीक आहे हो. तुमच्या मागे कुणी आहे. माझा मुलगा तिकडे, आहे की नाही तेही कळत नाही. मी जगून कुणाच्या कामाची? सांगा की. तुम्ही पाळक आहात."

सांगायला पुष्कळ होतं. इतक्या वर्षांत जमवलेली उत्तरं कपाटातल्या भांड्यांसारखी ओळीने मांडलेली होती. त्यांनी एकेक मनातल्या मनात उचलून पाहिलं आणि खाली ठेवलं. या दारापुढे त्यातलं एकही चालणार नव्हतं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. धाप लागून शब्द तुटत होते. "तुमचं नाही माहीत. माझंही नाही. एवढंच कळलं, की मी उठलो म्हणून तुम्ही उठलात. उद्या तुमच्याकडे बघून आपल्या समोरच्या खुर्चीवरचा तो बहिरा वॉचमन उठेल. आणि परवा कुणी नाही उठलं, की लोक त्याच्याकडे बघतील. म्हणतील, हा अजून बसलाय? पाळक उठले, मावशी उठली, याला काही लाज?"

ते खाली बसले. उभं राहणं शक्यच नव्हतं. जिन्यात फक्त त्यांच्या श्वासाचा आवाज होता, फुटक्या भात्यासारखा. लांबून गाडीचा हॉर्न आला. ड्रायव्हर वेळ झाल्याचं सांगत होता.

"जेवणाची सुट्टी," मावशी आतून म्हणाली.

"काय?"

"आमच्या खात्यात एक होती. मोठी भली बाई. मालाची घाई होती म्हणून तिने आपणहून जेवणाच्या सुट्टीत बटणं लावली. मालकाने सगळ्यांसमोर तिला शाबासकी दिली." मध्ये तिला श्वास घ्यायला थांबावं लागलं. "दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांचीच सुट्टी गेली. एक पोरगी पोटुशी होती, ती मशीनवर चक्कर येऊन पडली. मी त्या भल्या बाईला म्हटलं होतं, तुझी भूक तू दिलीस, तिची कुणाला विचारून दिलीस?" कडीला हात लागल्याचा आवाज झाला. "आणि आज मी काय केलं बघा. त्या वॉचमनचं डोक्यातच आलं नाही."

कडी निघायला फार वेळ लागला. तिच्या हातात जोर नव्हता. दार उघडलं तेव्हा ती चौकट धरून उभी होती, तोंड पांढरं, आणि उरलेलं अर्धं केळं अजून मुठीत. पाळकीणबाईंनी आधी ते केळं काढून घेतलं आणि मग तिला कवेत घेतलं. पाळकांनी जिन्यात तोंड करून ड्रायव्हरला हाक मारायचा प्रयत्न केला. आवाज फुटला नाही. हाक शेवटी बाईंनीच मारली, आणि ती अशी की प्रत्येक मजल्यावरची दारं किलकिली झाली.

ते हॉस्पिटलच्या फाटकातून आत शिरले आणि मागे भोंगा वाजायला लागला.

हवालदारबाई वॉर्डाच्या दारातच उभी होती. बाह्या वर सारलेल्या, डोळे जागरणाने लाल. तिने मावशीला खुर्चीवर घेतलं, छातीला तारा लावल्या, पडद्यावरची रेघ पाहिली आणि तोंड घट्ट मिटलं. "काय खाल्लंय?"

"केळी," मावशी म्हणाली. "अडीच. उरलेलं अर्धं यांच्या मिसेसनी काढून घेतलं, नाहीतर तीन झाली असती."

डॉक्टरांना हाक गेली, इंजेक्शन गेलं, सुया टोचल्या, मशीन गुरगुरायला लागलं. या सगळ्यात पाळक दाराजवळच्या बाकावर बसून होते. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही. मावशीचं मार्गी लागल्यावर हवालदारबाई त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली.

"तुमच्या दोघांसाठी नळ्या भरून ठेवल्या होत्या. इतका वेळ पडून राहिल्या की फेकाव्या लागतात. त्या धुतल्याचं पाणी गेलं, नव्या धुवायचं पुन्हा गेलं. तुमच्या त्यागाला मला बादल्यांनी पाणी लागलं, पाळकसाहेब."

"मला वाटलं, मास्तरांना..."

"कुणाला कुठे बसवायचं ते मी बघते. रोज बघते. तेवढ्याकरता मला घरी जाऊन झोपायला मिळत नाही. तुम्ही फक्त यायचं असतं." तिने टाकीकडे मान वळवली. "आता टाकीत आहे ते एका वेळी एकाच मशीनला पुरेल. मावशी आधी. मग उरलं तर तुम्ही."

उरलं तर.

बाकावर बसल्याबसल्या पाळकांना भीती गाठू लागली. सकाळी ज्याची ते आनंदाने वाट पाहत होते तेच आता जवळ येऊन बसलं होतं, आणि त्याच्यात काही म्हणता काही सुंदर नव्हतं. श्वास आत जात होता पण पुरत नव्हता. आडवं व्हावं तर बुडाल्यासारखं वाटे. त्यांनी प्रार्थना करून पाहिली. शब्द जमेनात. "मला जगायचं आहे," एवढंच मनात येत होतं, पुन्हा पुन्हा, हट्टी मुलासारखं. आयुष्यभर त्यांनी लोकांना सांगितलं होतं की आपल्या सुखापलीकडे बघा. आपल्या मरणापलीकडेही बघावं लागतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पाळकीणबाईंनी त्यांचा डावा हात मांडीवर घेतला आणि शिरेवर दोन बोटं टेकवली.

"मला विचारलं असतंत तर?" त्या हळूच म्हणाल्या.

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून नाही विचारलंत. मी रोज सकाळी ही घरघर बघते, ती कुणाची म्हणून बघते? ती खुर्ची तुमची एकट्याची कधी होती? रोज पहाटे उठून मी तुमच्या वाट्या मोजते, ते काय तुम्ही एक दिवस माठातून ओतून घ्यावं म्हणून?" त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. "मला एवढा राग आलाय की मी तुम्हाला मरूसुद्धा देणार नाही."

"चुकलं माझं," पाळक म्हणाले.

"हो. चुकलं."

बोटं मात्र तिथेच राहिली.

मावशीच्या पडद्यावरची रेघ हळूहळू सुधारली. तिच्या चेहऱ्यावर रंग आला, तशी ती हवालदारबाईला म्हणाली, "माझं पुरे आता. त्यांचे ओठ बघा." हवालदारबाई म्हणाली, "तुमचं पुरे की नाही ते मशीन सांगेल." पण तिनेही पाळकांच्या ओठांकडे पाहिलं होतं. थोड्या वेळाने तिने मावशीचं यंत्र थांबवलं, टाकीत डोकावून आली आणि पाळकांच्या खिडकीजवळच्या खुर्चीपाशी उभी राहिली.

"तळाला आहे. तुम्हाला नेहमीच्या निम्मं मिळेल, की तेवढंही नाही, मी सांगू शकत नाही. मध्येच वीजही गेली तर हाताने चाक फिरवून तुमचं रक्त परत द्यावं लागेल. लावू?"

इतकी वर्षं अशा प्रश्नाला पाळकांचं एक ठरलेलं उत्तर होतं: आधी दुसऱ्या कुणाला हवं आहे का ते बघा. ते ओठांवर आलंही. त्यांनी गिळलं. बायकोच्या खांद्याला धरून उठले, खुर्चीवर बसले आणि बाही वर केली.

"लावा."

"सकाळपासून किती प्यालात? खरं सांगा. तेवढं काढावं लागेल."

सगळा वॉर्ड ऐकत होता. बहिरा वॉचमनसुद्धा मान पुढे काढून ओठ वाचत होता.

"एक पेला हिने दिला," पाळक म्हणाले. "दुसरा मी घेतला."

"चोरून?" मावशीने विचारलं.

"हिच्यासमोर."

कुणीतरी हसलं, मग आणखी कुणी. हवालदारबाई हसली नाही, पण सुया टोचताना तिचा हात नेहमीपेक्षा हलका होता. रक्त नळीत चढलं. मशीन गुरगुरलं, क्षणभर अडखळलं. मग ते चालू लागलं. बोळाकडच्या कोपऱ्यातून मास्तर म्हणाला, "आज सकाळी प्रार्थना झाली नाही."

ती त्या वॉर्डाची रीत होती. मशीनं लागण्याआधी पाळक मोठ्याने प्रार्थना करत आणि सगळे आमेन म्हणत. ज्यांचा देवावर विश्वास नव्हता तेही म्हणत, कारण सुया टोचण्याआधी उगाच कुणाशी वैर घ्या कशाला. पाळक नेहमी लांबलचक प्रार्थना करत. प्रत्येकासाठी काहीतरी मागत, स्वतःसाठी कधीच नाही, आणि हे सगळ्यांच्या लक्षात यावं इतकी ती वगळलेली जागा स्पष्ट असे.

त्यांनी डोळे मिटले. नदीच्या बाजूने पुन्हा धप् झालं. खिडकीची काच थरथरली.

"प्रभू," ते म्हणाले, "उद्या टँकर येऊ दे. मावशीच्या मुलाला सांभाळ. हवालदारबाईंना झोप दे." बाईने झटकन वर पाहिलं, ते नाव आपल्याला आहे हे तिला आजच कळत होतं. "आणि मला पुढच्या पाळीला इथे आणून बसव. मला यायचं नसलं तरी."

"आमेन," शेजारच्या खुर्चीवरून मावशी सगळ्यांच्या आधी म्हणाली. मग एक डोळा उघडून, "आणि एकमेकांना विचारल्याशिवाय कुणी जागा सोडायची नाही, तेही सांगा त्याला."

पाळकांनी तेही सांगितलं. शिरेत घरघर चालू होती, टाकीत पाणी उतरत होतं, आणि पाळकीणबाईंनी पिशवीतून निळी वाटी काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, उद्यासाठी.